संघातून कुणाला काढायचे?

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला गावातली माणसे अजूनही गोल्फ क्लबच म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये या मैदानावर महाराष्ट्र आणि बडोदा यांचा रणजी सामना झाला. महाराष्ट्राने तो ४३९ धावांनी जिंकला, पण त्या हंगामात संघाला बाद फेरी काही गाठता आली नाही. साहजिकच मैदानाच्या कडेने संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना बोलायला विषय मिळाला. आम्ही शिक्षकमंडळीही त्यात होतोच.

“अहो, सलामीची जोडी बदलल्याशिवाय काही खरं नाही,” एक सर म्हणाले. दुसऱ्यांचे मत, मधल्या फळीतल्या अनुभवी खेळाडूंना आता निरोप द्यावा आणि तेवीस वर्षांखालच्या मुलांना घ्यावे. तिसऱ्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर प्रत्येकाची त्या हंगामातली सरासरी लिहिलेली होती. “हे बघा आकडे. आकडे खोटं बोलत नाहीत!”

आकडे खोटे बोलत नाहीत हे खरेच. पण ते किती बोलतात आणि कुठे गप्प राहतात, हेही पाहायला हवे. ते न पाहता आपण खेळाडूंना काढतो आणि घेतो. पुढे आपल्या लक्षात येईल, की वर्गातल्या मुलांच्या बाबतीतही आपण नेमके हेच करत असतो. म्हणून हा विषय केवळ क्रिकेटचा नाही.

पाच अंतिम सामने

आधी संघाचा इतिहास थोडक्यात पाहू. महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या हंगामांत. तेव्हा कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. त्यानंतर संघ तीनदा अंतिम सामन्यात पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला : १९७०-७१ मध्ये मुंबईकडून, १९९२-९३ मध्ये पंजाबकडून आणि २०१३-१४ मध्ये कर्नाटककडून. शेजारच्या मुंबईने २०२३-२४ पर्यंत बेचाळीस वेळा करंडक नेला. विदर्भानेही २०१७-१८ ते २०२४-२५ या काळात तो तीनदा जिंकला.

यावरून मैदानावर एक निष्कर्ष ठरलेला असतो : “आपल्या पोरांचे फायनलला हातपाय गळतात.”

हा निष्कर्ष तपासायला आपण नाणे घेऊ. समजा अंतिम सामन्यातले दोन्ही संघ अगदी तुल्यबळ आहेत, म्हणजे जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी. मग पाच सामन्यांचा निकाल म्हणजे नाणे पाच वेळा उडवण्यासारखेच. पाच वेळा नाणे उडवल्यास छाप-काट्याच्या एकूण ३२ मांडण्या होतात. त्यांपैकी १० मांडण्यांत छाप दोनदा पडतो आणि १० मांडण्यांत तीनदा. म्हणजे पाचांत दोन विजय हा नाण्याकडूनही अगदी सहज मिळणारा निकाल आहे! त्यासाठी हातपाय गळण्याची गरज नाही. शेवटचे तीन पराभवच वेगळे काढले, तरी तीन वेळा लागोपाठ काटा पडण्याची शक्यता आठांत एक असते. तीही काही दुर्मिळ नव्हे.

याचा अर्थ संघ दडपणाखाली खेळला नाही, असे सिद्ध झाले का? नाही. अर्थ एवढाच, की पाच सामन्यांच्या निकालावरून ते ठरवता येत नाही. मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातला खरा फरक अंतिम सामन्यात नाही, तर तिथवर किती वेळा पोहोचलो यात आहे. तो शोधायचा तर शाळा, क्लब आणि जिल्हा पातळीवरच्या क्रिकेटकडे पाहायला हवे. चर्चा मात्र एका फायनलभोवती फिरत राहते.

चौदा डावांची सरासरी

आता तो सरासऱ्यांचा कागद. २०२४-२५ च्या रणजी हंगामात महाराष्ट्राच्या गटात आठ संघ होते. प्रत्येक संघाला सात साखळी सामने. एका सामन्यात जास्तीत जास्त दोन डाव, म्हणजे फलंदाजाला साखळीत जास्तीत जास्त चौदा डाव मिळतात. प्रत्यक्षात दहा-बाराच मिळतात, कारण कधी डाव घोषित होतो, कधी दुसऱ्यांदा फलंदाजीच येत नाही, तर कधी दुखापत होते.

फलंदाजाच्या धावा डावागणिक फार हेलकावतात. शून्य, चार, एकोणीस, मग एकदम एकशे बारा, पुन्हा सात. हा चढउतार मोजण्यासाठी संख्याशास्त्रात ‘प्रमाण विचलन’ हे माप वापरतात. फलंदाजीची एक गंमत अशी, की चांगल्या फलंदाजाच्या धावांचे प्रमाण विचलन साधारण त्याच्या सरासरीएवढेच असते. सरासरी ३५ असेल, तर विचलनही ३५ च्या आसपास.

सरासरी काढताना हे हेलकावे एकमेकांना काही प्रमाणात मारतात, पण पूर्ण नाही. नियम असा आहे की ‘न’ डावांच्या सरासरीचे विचलन काढताना मूळ विचलनाला ‘न’च्या वर्गमुळाने भागायचे. चौदाचे वर्गमूळ सुमारे ३.७. पस्तिसाला ३.७ ने भागले की येतात सुमारे ९. म्हणजे ज्याची खरी कुवत ३५ ची आहे, असा फलंदाज जशाच्या तशा ताकदीने खेळूनही एका हंगामात २६ ची सरासरी दाखवील आणि दुसऱ्या हंगामात ४४ ची. तीन हंगामांपैकी एका हंगामात तर तो या मर्यादांच्याही बाहेर जाईल. २६ च्या वर्षी आपण म्हणणार, “संपला.” ४४ च्या वर्षी म्हणणार, “याला भारतीय संघात का घेत नाहीत?” प्रत्यक्षात माणूस तोच आणि त्याची कुवतही तीच.

थोड्या डावांत एकच मोठी खेळी चित्र कसे बदलते तेही पाहा. समजा एखाद्याची तेरा डावांत सरासरी २६ आहे, म्हणजे ३३८ धावा. चौदाव्या डावात त्याने २०० केल्या. सरासरी एकदम ३८ च्या पुढे! आता याच्या शेजारी भाऊसाहेब निंबाळकरांचे उदाहरण ठेवू. त्यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीच्या सामन्यातली एवढी मोठी खेळी त्याआधी झाली नव्हती. त्यांची संपूर्ण कारकिर्दीची सरासरी ४७.९३ आहे. ती ४४३ धावांची प्रचंड खेळी वगळली, तरी सरासरी साडेत्रेचाळीसच्या आसपास राहते. कारकीर्द लांब असल्यामुळे एवढ्या मोठ्या खेळीचाही तिच्यावर चार-साडेचार धावांचाच परिणाम होतो. हंगाम छोटा असल्यामुळे २०० ची खेळी सरासरी बारा धावांनी हलवते. आकडा किती डावांचा आहे, हे त्यामुळेच महत्त्वाचे.

वर्गात करून पाहा

हे मुलांना सांगून पटणार नाही, करून पाहिले की लगेच पटते. आपण सगळ्यांनी मधल्या सुट्टीत पुस्तकातले क्रिकेट खेळलेले आहे. पुस्तक उघडायचे, डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहायचा. दोन, चार, सहा, आठ आले तर तेवढ्या धावा. शून्य आले तर बाद.

पुस्तक वारंवार एकाच ठिकाणी उघडते, म्हणून त्याऐवजी पाच चिठ्ठ्या करा : ०, २, ४, ६, ८. डब्यात टाका, हलवा, एक काढा, धावा लिहा, चिठ्ठी परत टाका. शून्य निघेपर्यंतचा तो एक डाव. मुलांच्या जोड्या करा. एकाने चिठ्ठी काढायची, दुसऱ्याने लिहायचे, मग अदलाबदल. प्रत्येकाने दहा डाव खेळायचे आणि आपली सरासरी काढायची. एका तासिकेत हे सहज होते.

इथे कुणातच कौशल्य नाही. दर वेळी धावा मिळण्याची शक्यता पाचांत चार. त्यामुळे बाद होण्याआधी सरासरी चार वेळा धावा मिळतात, दर वेळी सरासरी पाच. म्हणजे सगळ्यांची ‘खरी’ सरासरी २०. एका डावाचे प्रमाण विचलन येते सुमारे २३. पाहा, पुन्हा जवळजवळ सरासरीएवढेच! दहा डावांच्या सरासरीचे विचलन मग सातच्या आसपास. चाळीस मुलांचा वर्ग असेल, तर बहुतेकांची सरासरी १३ ते २७ च्या दरम्यान येईल. पण एखाद-दुसऱ्याची पस्तिशीच्या आसपास किंवा पुढेही जाऊ शकेल आणि एखाद-दुसऱ्याची दहाच्याही खाली राहील.

आता मुलांना सांगा : “या आकड्यांवरून वर्गाचा संघ निवडा.” ते पहिल्या अकरांना घेतील. पहिल्या पाचांना टाळ्या वाजवून शाबासकी द्या. शेवटच्या पाचांना लटकेच रागवा. मग सगळ्यांना पुन्हा दहा डाव खेळायला लावा.

दुसऱ्या फेरीत पहिल्या पाचांची सरासरी घसरून विसाच्या आसपास येईल आणि शेवटच्या पाचांची वाढून तीही विसाच्या आसपास येईल. हे जवळजवळ दर वेळी घडते. मुलांना विचारा, असे का झाले? “शाबासकी मिळाली म्हणून ते शेफारले आणि बोलणी बसली म्हणून हे सुधारले,” असे कुणीतरी म्हणेलच. पण डब्यातल्या चिठ्ठ्यांना ना शाबासकी कळते, ना बोलणी!

सरासरीकडे परतणे

या घटनेला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईवडील आणि त्यांची ९२८ प्रौढ मुले-मुली यांच्या उंचीचा अभ्यास करून ती दाखवली. फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याएवढी नाही. फार बुटक्या आईवडिलांची मुलेही आईवडिलांपेक्षा थोडी उंच निघतात. कारण सोपे आहे. टोकाचा आकडा बहुधा दोन गोष्टी एकत्र आल्याने तयार होतो : कुवत आणि त्या वेळची अनुकूलता. पुढच्या वेळी कुवत सोबत असते, अनुकूलता असेलच असे नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी इस्रायलच्या हवाई दलातला एक अनुभव नोंदवून ठेवला आहे. तिथल्या प्रशिक्षकांची ठाम समजूत होती, की उत्तम कसरत केल्याबद्दल वैमानिकाची स्तुती केली की पुढची कसरत बिघडते आणि चुकीबद्दल झापले की सुधारते. म्हणून स्तुती करू नये, झापावे! कानेमान यांच्या लक्षात आले, की हे तर सरासरीकडे परतणे आहे. उत्तम कसरतीनंतरची कसरत बहुधा साधारणच होणार आणि फार वाईट कसरतीनंतरची बहुधा बरी होणार. मधे कुणी काय बोलले, याचा त्यात हात असेलच असे नाही.

हे वाचताना आम्ही थोडे वरमलो. “परवा चांगला फैलावर घेतला, बघा या चाचणीत गुण वाढले,” हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत आम्ही स्वतः कितीदा तरी बोललो आहोत.

अठरा बेसबॉलपटूंची गोष्ट

कुणी म्हणेल, चिठ्ठ्यांचे ठीक आहे, खऱ्या खेळाडूंत तर कौशल्यात फरक असतोच. बरोबर आहे. म्हणून आता खऱ्या खेळाडूंचे उदाहरण घेऊ. हा हिशेब सर्वांत नीट झाला आहे तो अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये. तिथे प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो, त्यामुळे भरपूर नोंदी मिळतात. फलंदाजाच्या प्रत्येक पाळीची नोंद होते : फटका यशस्वी झाला की नाही. शंभर पाळ्यांत किती यशस्वी, ही त्याची टक्केवारी.

ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या हंगामातले अठरा फलंदाज घेतले. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ पाळ्या पाहिल्या आणि नंतर उरलेल्या हंगामात काय झाले ते पाहिले. अठरा जणांची पहिल्या टप्प्यातली सरासरी होती २६.५ टक्के. सर्वांत वरच्या तिघांची ३७.८ टक्के आणि सर्वांत खालच्या तिघांची १७.८. म्हणजे वीस टक्क्यांचे अंतर! उरलेल्या हंगामात वरच्या तिघांची टक्केवारी झाली ३०.७ आणि खालच्या तिघांची २६.७. अंतर उरले चार टक्क्यांचे. ते पूर्ण पुसले गेले नाही, कारण कौशल्यात फरक होताच. पण वीसपैकी सोळा टक्के विरून गेले.

खालच्या तिघांत थर्मन मन्सन नावाचा नवा खेळाडू होता. पहिल्या ४५ पाळ्यांत त्याचे फक्त ८ फटके यशस्वी झाले होते. उरलेल्या हंगामात त्याची टक्केवारी ३१.६ झाली आणि त्या वर्षीचा आपल्या लीगमधला सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. पहिल्या ४५ पाळ्यांवरून त्याला घरी पाठवले असते तर?

मग अंदाज करायचा कसा? चार्ल्स स्टाईन यांनी १९५० च्या दशकात आणि पुढे १९६१ मध्ये विलार्ड जेम्स यांच्यासह जे गणित मांडले, त्याचा सारांश असा : प्रत्येकाचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ओढून घ्या. नोंदी जितक्या थोड्या, तितके जास्त ओढा. एफ्रॉन आणि मॉरिस यांनी या पद्धतीने अठरा जणांचे अंदाज केले, तेव्हा एकूण चूक सुमारे साडेतीन पटींनी कमी झाली.

पद्धत प्रत्येक वेळी बरोबर येते, असे मात्र नाही. रॉबेर्टो क्लेमेंटे या खेळाडूची सुरुवात ४० टक्क्यांची होती. पद्धतीने अंदाज दिला २९.४, प्रत्यक्षात त्याने ३४.६ केले. तो खरोखरच असामान्य होता. असामान्य माणसाला हा नियम थोडा कमी लेखतो, पण सर्वांचा मिळून विचार केला तर अन्याय कमी होतो.

पुढचा संघ

हेच आपल्या फेऱ्यांवरच्या चर्चेला लावून पाहू. समजा संघाच्या फलंदाजांची एकूण सरासरी ३५ आहे, एका डावाचे विचलन ३५ आणि फलंदाजांच्या खऱ्या कुवतींमधले विचलन ८. मग गणित सांगते, की चार डावांच्या आकड्याला सुमारे १७ टक्के वजन द्यावे, चौदा डावांच्या आकड्याला ४२ टक्के आणि शंभर डावांच्या आकड्याला ८४ टक्के. उरलेले वजन संघाच्या सरासरीला.

एका खेळाडूची चौदा डावांत सरासरी ५५ आली आणि दुसऱ्याची १८. कागदावर अंतर ३७ धावांचे. पुढच्या हंगामाचा आपला अंदाज मात्र पहिल्यासाठी सुमारे ४३ आणि दुसऱ्यासाठी सुमारे २८ असायला हवा. अंतर उरते पंधराचे. पहिला दुसऱ्यापेक्षा सरस असण्याची शक्यता मोठी आहे, पण आपल्याला वाटली तेवढी त्यांच्यात दरी नाही. आणि चारच डावांवरून कुणाला काढायचे असेल, तर जवळजवळ चिठ्ठी टाकूनच काढतो आहोत हे समजून घ्यावे.

मग निवड करूच नये का? करावी, पण माहिती वाढवून. मागचे तीन-चार हंगाम पाहावेत, क्लब आणि वयोगटांचे सामने पाहावेत, खेळपट्टी आणि समोरची गोलंदाजी पाहावी. खेळाडू प्रत्येक वेळी एकाच चुकीने बाद होतो का, पाय चेंडूपर्यंत जातो का, हे जाणकार डोळ्याला दिसते आणि ते धावांच्या आकड्यात नसते. वय वाढल्याने हालचाल मंदावली असेल, तर तीही आकड्याच्या आधी मैदानावर दिसते.

घाईचे सर्वांत मोठे उदाहरण १९२८ सालचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या एका वीस वर्षांच्या फलंदाजाने ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत १८ आणि १ धाव केली. दुसऱ्या कसोटीतून त्याला वगळले. तिसऱ्या कसोटीत परत घेतल्यावर त्याने ७९ आणि ११२ धावा केल्या. त्याचे नाव डॉन ब्रॅडमन. त्याला दुसरी संधी लगेच मिळाली. ज्यांना ती मिळाली नाही, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, आणि असे किती असतील ते मोजताही येत नाही.

पुन्हा वर्गाकडे

जिल्ह्याच्या निवड चाचणीला गावोगावची मुले पहाटेची एसटी धरून येतात. प्रत्येकाच्या वाट्याला नेटमध्ये दहा-पंधरा चेंडू येतात. त्यात दोनदा यष्टी उडाली की मूल परत. तितक्या चेंडूंत काय कळते, याचा अंदाज आता आपल्याला आहे.

आपल्या हातात निवड समिती नाही, पण वर्ग आहे. वीस गुणांच्या एका चाचणीवरून आपण मुलांना ‘हुशार’ आणि ‘कच्चा’ अशा रांगांत बसवतो. प्रश्न नेमके त्याला येत असलेले आले असतील, किंवा घरी कुणी आजारी असेल. एक चाचणी म्हणजे एक डाव. निदान पाच-सहा लहान चाचण्या घ्याव्यात, तोंडी विचारावे, वही पाहावी, चूक कुठल्या पायरीवर होते ते शोधावे. आणि झापल्यावर गुण वाढलेले दिसले, तर श्रेय झापण्याला देण्याआधी चिठ्ठ्यांचा डबा आठवावा.

गोल्फ क्लबवरच्या आमच्या फेऱ्या अजून चालू आहेत आणि संघनिवडही चालूच आहे. कागद काढणाऱ्या सरांनी मात्र एक सुधारणा केली आहे. सरासरीच्या शेजारी आता ते कंसात डावांची संख्या लिहितात. त्यामुळे वाद मिटत नाहीत, पण “याला काढाच” म्हणण्याआधी सगळेजण एकदा त्या कंसाकडे पाहतात.